नऊ पंख्यांचा कॉम्प्युटर

माझा धाकटा भाऊ होंग बो-चिन याला आमच्या बंदरावर सगळे सज्जन म्हणतात. मी त्याची थोरली बहीण, मी म्हणत नाही. ज्याला जन्मात 'नको' म्हणता आलं नाही तो सज्जन असेल, तर माझ्या दुकानाच्या दारात आडवा पडलेला कुत्राही सज्जनच आहे. तोसुद्धा कुणी काही टाकलं की मुकाट्याने खातो.

लहानपणी एकदा आईने त्याला एकट्याला बूट आणायला पाठवलं. दुकानदाराने बिचाऱ्याने इतकी खोकी उघडून दाखवली, मग रिकाम्या हाताने कसं यायचं? म्हणून चावणारे बूट घेऊन आला आणि वर्षभर लंगडत शाळेत गेला. मोठेपणी शेजाऱ्याची ब्रेक न लागणारी स्कूटर विकत घेतली, कारण शेजारी स्वतः दारापर्यंत चालत आला होता. लग्न राहिलं तेही याच पायी. दोन मावश्यांनी दोन मुली सुचवल्या आणि याने दोघींना होकार दिला. दोन्ही घरं एकाच दिवशी फळांच्या टोपल्या घेऊन आली तेव्हा हा मागच्या दाराने पळाला आणि त्यांच्यासमोर मी उभी राहिले. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

एक मात्र मान्य करते. कान त्याचे चांगले. खाली माझ्या दुकानात मासळीच्या पेजेला उकळी फुटायच्या आधी वरच्या मजल्यावरून ओरडतो, "ताई, गॅस बारीक कर, खाली लागतंय." दिवसा बंदराच्या कचेरीत कारकुनी करतो आणि घरी आला की वरच्या खोलीत संगीत बनवतो. मासे पकडण्याच्या स्पर्धेला लागणारं, सुपरमार्केटच्या उद्घाटनाला लागणारं, कुणाच्या मयताला लागणारं. एक जुना लॅपटॉप, एक माइक, आणि भिंतींना ठोकलेल्या माझ्या जुन्या रजया. त्या रजया कुणाच्या, ते त्याने विचारलंही नव्हतं. नको म्हणता येत नाही, पण बहिणीचं उचलता येतं.

हे कान त्याला दिले तिंग-चाय काकांनी. आमच्या वांग-ये महाराजांच्या देवळामागे एक दालन आहे, तिथे काका नान-ग्वान शिकवायचे. ही आमच्याकडची जुनी गायकी, इतकी संथ आणि हळू, की शेजारी कुणी शेंग फोडली तरी मोडते. एकेका शब्दाचं डोकं, पोट आणि शेपूट वेगवेगळं म्हणायचं. शब्द आधी दातांत नीट धरायचा आणि मग हळूच सोडायचा. काकांबरोबर वाजवणारे एकेक करून गेले. उरले ते काका, आणि काही गाणी, जी आता जगात फक्त त्यांच्याच तोंडात होती.

आणि त्या तोंडातले पुढचे दात हलायला लागले होते. काका रोज सकाळी माझ्याकडे पेज खायचे, मी त्यांना काटे काढून द्यायची, म्हणून मला हे सगळ्यांच्या आधी कळलं. दातांच्या डॉक्टरने सांगितलं होतं की हिरड्या गेल्यात, थंडीच्या आत पुढचे सगळे काढावे लागतील.

"अ-चिन," काका एके दिवशी पेजेवर फुंकर घालत म्हणाले, "दात आहेत तोवर माझी गाणी घेऊन ठेव. कवळी लावून गायलेलं मला चालायचं नाही."

"घेतो काका. नीट घेतो. त्यासाठी नवा कॉम्प्युटरच बनवतो," माझा भाऊ म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. डोळे भरायला त्याला वेळ लागत नाही.

नवा कॉम्प्युटर कशाला, ते त्याने मला समजावलं. काका गाणार, आणि मागची वाद्यं, ती चार तारांची वीणा, ती तीन तारांची, तो रडका फिडल, हे सगळं भाऊ स्वतः भरणार. प्रत्येक तारेचा प्रत्येक ठोका, हळू, जोरात, अर्धवट, असा त्याने वेगवेगळा रेकॉर्ड करून ठेवला होता. ते हजारो तुकडे कॉम्प्युटरला एका वेळी डोक्यात धरावे लागतात, आणि लॅपटॉपचं डोकं लहान.

"म्हणजे काय काय घ्यायचं?" मी विचारलं.

"मेमरी भरपूर. सगळ्यात आधी ती. मग तुकडे पटकन उचलणारी डिस्क. प्रोसेसर बरा हवा, पण तापट नको. एकच मोठा पंखा, हळू फिरणारा. वीज देणारा सप्लाय चांगल्यातला, म्हणजे तो गुणगुणत नाही. आणि हे सगळं जाड पत्र्याच्या बंद पेटीत, आतून नमदा लावलेला. चालू आहे की बंद ते हात लावल्याशिवाय कळता कामा नये."

"आणि ते ग्राफिक्स कार्ड का काय, पोरं घेतात ते?"

"ते खेळ खेळायला. गाण्याला चित्र कशाला लागतं ताई?"

हे त्याचे शब्द. मी मुद्दाम सांगते आहे, म्हणजे पुढे जे झालं ते अज्ञानाने झालं असं कुणी समजू नये. त्याला सगळं माहीत होतं.

गाणी देवळाची, म्हणून कॉम्प्युटरही देवळाच्या समितीनेच द्यायचा ठरला. आता आमच्या देवळात कुठलीही वस्तू नुसती विकत येत नाही. कुणीतरी ती अर्पण करतं आणि तिच्यावर नाव कोरून घेतं. खांबावर नाव, कंदिलावर नाव, पाणी प्यायच्या मशीनवर नाव. छपरावरच्या ड्रॅगनच्या एका पंजाला एक दाता आहे आणि दुसऱ्याला दुसरा, आणि त्या दोघांचं आपसात बोलणं नाही. त्यामुळे कॉम्प्युटरचे भाग दात्यांत वाटायचे, हे कुणी ठरवावंही लागलं नाही.

बैठकीला मी पेजेचं पातेलं घेऊन गेले होते, म्हणून सगळं स्वतःच्या कानांनी ऐकलं. अध्यक्ष लुओ दे-शोंग यांची बर्फाची फॅक्टरी आहे. त्यांचा स्वभावही तसाच, थंड म्हणावा तर नाही, पण जागेवरून हलत नाही. भावाने मेमरीचं महत्त्व सांगितलं, डिस्कचं सांगितलं. अध्यक्षांनी चहा प्यायला आणि विचारलं, "यातलं दिसतं काय?"

"जी?"

"बाहेरून दिसतं काय? तू म्हणतोस ती मेमरी केवढी असते?"

भावाने बोटांनी दाखवलं. एक खारवलेला मासा असतो तेवढी.

"त्याच्यावर माझं नाव कुठे बसणार? माझ्या नावात तीन अक्षरं आहेत. मोठं काय असतं?"

इथे म्हणायचं होतं, अध्यक्ष, मोठं काही लागतच नाही. माझा भाऊ काय म्हणाला? "मोठं... मोठं म्हणजे ग्राफिक्स कार्ड असतं."

"ते मी दिलं. बाजारातलं सगळ्यात मोठं आण."

"पण बंद पेटीत ते दिसायचं कसं?" ही शिऊ-मान वहिनी. हिचं बंदरावर मासळीचं हॉटेल आहे आणि त्याच्या पाटीवर इतके दिवे आहेत की होड्या चुकून तिकडे वळतात. "पेटी मी देते. काचेची. चारी बाजूंनी काच, आणि आत सात रंगांचे दिवे. चालतील ना रे अ-चिन?"

"चालतील वहिनी. छान दिसेल."

"मग पंखे माझे," वॉर्डाचे मेंबर ग्वो म्हणाले. "नऊ. नवाचा आकडा शुभ असतो. दिवेवाले पंखे मिळतात ना?"

"मिळतात," माझा भाऊ म्हणाला. नऊ पंखे! ज्या माणसाला पेजेची उकळी वरच्या मजल्यावर ऐकू येते, तो मान डोलावत होता. मी पातेल्यावर पळी आपटली. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मान डोलावली.

मेमरी, डिस्क, सप्लाय यांना कुणी दाताच मिळेना. आत कोपऱ्यात बसणारी काळी वस्तू, तिच्यावर नाव कोरून कुणाच्या डोळ्यांत भरणार? शेवटी अध्यक्षांनी देवापुढे कौल लावला. दोन्ही अर्धचंद्री लाकडं जमिनीवर टाकली, एक उपडं पडलं, एक उताणं. म्हणजे होकार.

"बघ, महाराजांना कार्ड पसंत आहे," अध्यक्ष म्हणाले.

देवाला विचारलं काय, तर मी कार्ड देऊ का. कार्ड हवंय का, हे कुणी विचारलंच नाही. देव तरी काय करील, जेवढं विचाराल तेवढंच सांगेल. पण घरी येताना भाऊ मला म्हणतो, "ताई, आता देवानेच होकार दिल्यावर मी कोण बोलणार?"

"तुला तोंड दिलंय ते देवानेच ना?" मी म्हटलं.

मग त्याने उरलेल्या गोष्टी कुठून तरी जमवल्या. मेमरीची एकच लहान पट्टी, जुन्या लॅपटॉपच्या दुप्पटही नाही. वीज देणारा सप्लाय देवळाच्या बंद पडलेल्या दिव्यांच्या फलकामागे धूळ खात होता, तो. एवढं मोठं कार्ड त्या म्हाताऱ्या सप्लायवर लावायचं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. हेही त्याला माहीत होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "बघू, कदाचित चालेल."

तोवर उन्हाळा सरत आला होता. काकांनी पेजेतला मासाही सोडला आणि नुसतं पाणी प्यायला लागले. मी भावाला म्हटलं, "अरे, तुझी वाद्यं नंतर भर की. काकांचा नुसता आवाज आजच्या आज लॅपटॉपवर घेऊन ठेव. तो जुना आहे, पण गप्प तरी असतो."

"असं कसं ताई? सगळ्यांनी एवढ्या भक्तीने मशीन दिलंय. त्याच्याआधी दुसरीकडे रेकॉर्ड केलं तर अध्यक्षांना काय वाटेल?"

"काकांना काय वाटेल?"

"काका समजून घेतात गं."

हे त्याचं गणित. जो समजून घेतो त्याच्या मानेवर सुरी. मग सातवा महिना लागला. भुतांच्या महिन्यात आमच्याकडे साधी सायकलसुद्धा नवी काढत नाहीत, कॉम्प्युटरचं उद्घाटन कोण करणार? महिनाभर ती पेटी लाल कापडाखाली झाकून ठेवली. काका वाट बघत राहिले. जिभेने दात दाबून बसवायचे आणि मला म्हणायचे, "पोरी, अजून धरून आहेत."

महिना संपला आणि पंचांगात चांगला दिवस निघाला. देवळाच्या पायऱ्यांवर फटाके वाजले, लाल फीत कापली, पेटीवर हिरव्या पुडीतला खाऊ ठेवला, म्हणजे यंत्र शहाण्यासारखं वागेल. बटण दाबलं आणि नऊ पंखे एकदम फिरले. काचेवर शिऊ-मान वहिनीच्या हॉटेलचं नाव आधी जांभळं झालं, मग हिरवं. आत अध्यक्षांची तीन अक्षरं सोनेरी चमकत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी कान पुढे केला आणि विचारलं, "हा आवाज थांबतो कधी?"

दुसऱ्या दिवशी दुपारी काका आमच्या वरच्या खोलीत गायला बसले. मी जिन्यात बसून ऐकत होते. काकांनी पहिला शब्द धरला, हळूच सोडला, आणि मग गायकीत असते तशी शांतता आली. त्या शांततेत नऊ पंखे बर्फाच्या फॅक्टरीसारखे घोंघावत होते. भावाने पेटीवर रजई टाकली, तर आतला उष्मा वाढून पंखे आणखी जोरात फिरले. रजई काढली. काकांनी पुन्हा धरलं. सगळ्यात लांब गाणं होतं, नवरा समुद्रावरून परतायची वाट बघणाऱ्या बाईचं. ते अर्ध्यावर गेलं आणि पेटीतले सातही रंग विझले. त्या म्हाताऱ्या सप्लायने मान टाकली होती.

"झालं?" काकांनी विचारलं.

"काका, परत एकदा," भाऊ म्हणाला.

काकांनी परत एकदा गायलं. मग आणखी एकदा. रात्री भावाने रेकॉर्डिंगमधली घरघर पुसायला घेतली. घरघर गेली, पण तिच्याबरोबर काकांचा श्वास गेला आणि शब्दांची शेपटं गेली. जे उरलं ते टपाल कचेरीतल्या घोषणेसारखं होतं. तो डोकं धरून बसला होता. मला दया आली नाही.

"पेटी जिन्यात ठेव, लांब वायर लाव," मी म्हटलं. एवढं तर मलाही कळतं. त्याने ऐकलं, आणि खोलीत खरोखर शांतता झाली. काका येणार त्या सकाळी अध्यक्ष दोन पाहुण्यांना घेऊन मशीन दाखवायला आले. जिन्यात, चपलांच्या मांडणीशेजारी, आपलं नाव झळकताना बघून त्यांचा चेहरा जरा उतरला. बोलले काहीच नाहीत. फक्त "अच्छा, इथे ठेवलंय होय," एवढंच. ते जिना उतरायच्या आत माझ्या भावाने ती पेटी स्वतःच्या छातीशी धरून पुन्हा खोलीत नेली.

"आता काका येतायत ना!" मी ओरडले.

"उद्या बोलावू त्यांना. उद्या काहीतरी करतो."

उद्या काकांचा जबडा सुजला. ताप चढला. पू खाली उतरला होता आणि डॉक्टर म्हणाला, आता एक दिवसही थांबायचं नाही. वरचे आणि खालचे, पुढचे सगळे काढले. ते बरे होऊन आले तेव्हा भाऊ त्यांना हात धरून वर घेऊन गेला. यावेळी जुना लॅपटॉप लावला होता, पंखे बंद, खिडक्या बंद. काकांनी डोळे मिटले, त्याच बाईच्या गाण्यातला पहिला शब्द धरायला गेले, आणि तो धरलाच गेला नाही. नुसती हवा निसटली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला नाही.

"हा तो शब्द नाही," ते म्हणाले. "मी गेल्यावर पोरं हाच खरा समजून शिकतील. नको."

बघा, किती सोपं असतं. सत्त्याऐंशी वर्षांच्या, दात नसलेल्या माणसाला म्हणता आलं.

थंडी पडली तशी समितीची बैठक झाली. काका कोपऱ्यात बसले होते, मी त्यांच्यासाठी वाटीत मऊ पेज कालवत होते. अध्यक्ष प्रसन्न होते. मशीन बंद पडतं असं त्यांच्या कानावर गेलं होतं, म्हणून त्यांनी ठरवलं होतं की पहिल्या कार्डाला जोडीला दुसरं द्यायचं. एकाचा भार दुसरं उचलेल.

आणि माझा भाऊ उभा राहिला. "नको," तो म्हणाला. पन्नाशी उलटलेल्या माणसाचा पहिला नको. "कार्ड नको. पहिलंही नको होतं. काच नको, पंखे नको. मला मेमरी हवी होती, शांत सप्लाय हवा होता, पत्र्याची पेटी हवी होती. बाकी काहीच नको होतं!" शेवटचे शब्द तो किंचाळलाच.

मला वाटलं आता छप्पर कोसळतंय.

अध्यक्षांनी चहाचा पेला खाली ठेवला. "मग आधी नाही का सांगायचं?" ते म्हणाले. रागही नव्हता त्यांच्या आवाजात, नुसतं आश्चर्य होतं. "मेमरी तर मेमरी. मला काय, पेटीबाहेर एक पितळी पट्टी लावून घेतली असती. मी विचारलं होतं ना तुला, मोठं काय असतं म्हणून? मला वाटलं तुलाच ते हवंय."

"मलाही तसंच वाटलं," शिऊ-मान वहिनी म्हणाली. "माझ्या हॉटेलच्या मागच्या खोलीत पत्र्याची पेटी पडलीच आहे की रे."

म्हणजे एवढंच होतं. एक वाक्य बोलला असता तर उन्हाळ्यातच काकांची गाणी घेऊन झाली असती. कुणी दुखावलं जाणार नव्हतं, कुणाची मान खाली जाणार नव्हती. जी भिंत त्याला जन्मभर दिसत होती ती तिथे नव्हतीच. काकांनी हे सगळं ऐकलं. त्यांनी माझ्या हातातली वाटी हळूच बाजूला सारली आणि माझ्या भावाकडे बघितलं. रागाने नाही. तो काही बोलेल म्हणून बघत होते.

आणि माझा भाऊ बोलला. कमरेत वाकला, पार गुडघ्यापर्यंत, आणि म्हणाला, "माफ करा. माझं चुकलं. मी असा आवाज चढवायला नको होता."

अध्यक्षांना म्हणाला.